बार्शीची नोंदणी आणि बंगळुरूचं जाळं



2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत जे या बंगळुरू शहरात होते त्यांना 'बीयू नंबर' म्हणजे काय हे सांगायला नको. कोविडची चाचणी पॉझिटिव्ह यायची, प्रयोगशाळा ती पोर्टलवर चढवायची, मग रुग्णाच्या नावे एक क्रमांक निघायचा, आणि तो क्रमांक सांगितल्याशिवाय सरकारी कोट्यातली खाट मिळणं मुश्कील होतं. रिपोर्टला उशीर झाला की क्रमांकालाही उशीर. घरात माणूस धापा टाकतोय, ऑक्सिजन नव्वदीच्या खाली चाललाय, आणि सरकारी पडद्यावर तो आजारीच नाही. कित्येक घरांनी हे भोगलं. या सभागृहातही अशी घरं असतील.

पुढे कर्नाटकातल्या कोविड रुग्णांच्या याद्यांवरून शोधनिबंध लिहिले गेले. चांगले लिहिले गेले. पण क्रमांक मिळण्याआधीच जो गेला, तो त्या निबंधांत कुठून येणार?

मला आज त्याच माणसाबद्दल बोलायचं आहे. विषयाचं नाव भारदस्त आहे: इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचं सामायिक जाळं आणि वैद्यकीय संशोधन. मी डॉक्टर नव्हे. जीवसांख्यिकी हा माझा पेशा, म्हणजे इतरांच्या आजारांचे तक्ते मांडणं. या पेशातल्या माणसाने अशा जाळ्याचं स्वागतच करायला हवं आणि मी ते करतो. माझी तक्रार जाळ्याबद्दल नाही, ते कुठवर टाकलं जातं याबद्दल आहे. रुग्णाला नोंदीतून काही मिळत असेल तरच तो नोंदीत येतो, खरं सांगतो आणि टिकून राहतो. संशोधनाची सगळी इमारत त्या 'काही मिळण्यावर' उभी असते. हे मला बंगळुरूच्या संगणकांनी शिकवलं नाही, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने शिकवलं.

आधी हे जाळं काय आहे ते थोडक्यात बघू. 15 ऑगस्ट 2020 रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा केली, सहा केंद्रशासित प्रदेशांत ती आधी चालवून पाहिली, आणि 27 सप्टेंबर 2021 रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ती देशभर आली. त्याआधी 2018 साली नीती आयोगाने 'नॅशनल हेल्थ स्टॅक'चा आराखडा मांडला होता. त्या विचारात इथल्या आयस्पिर्ट संस्थेच्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे, तेव्हा बंगळुरू हे या प्रकल्पाचं एक माहेर म्हणायला हरकत नाही. प्रत्येकाला 14 आकडी 'आभा' क्रमांक मिळतो. असे क्रमांक आता 70 कोटींच्या पुढे गेले आहेत.

रचनेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. सगळ्या देशाच्या फायली दिल्लीत एका कोठारात ओतायच्या, असा हा बेत नाही. नोंद जिथे तयार झाली त्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेतच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर रुग्णाकडे विनंती जाते: कोणती कागदपत्रं, कशासाठी, किती दिवसांसाठी. रुग्णाने होकार दिला की तेवढीच नोंद तेवढ्या काळापुरती दिसते. कागदावर हे उत्तम आहे. व्यवहारात तो होकार म्हणजे बहुतेक वेळा फोनवर आलेला ओटीपी असतो, फोन घरात एकच असतो आणि तो मुलाच्या खिशात असतो. कोविडच्या लसीकरणात आधार दाखवलेल्या पुष्कळांचे आरोग्य क्रमांक त्यांच्या नकळत निघाल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या होत्या. 70 कोटींच्या आकड्याकडे बघताना हे विसरू नये.

संशोधकाला या जाळ्याचा लोभ का वाटतो? आमच्या पेशातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात छळणारा प्रश्न असतो, 'पुढे काय झालं?' कलबुर्गीच्या बाईचं ऑपरेशन बंगळुरूत झालं, केमोथेरपी गावाजवळच्या खाजगी रुग्णालयात, आणि दोन वर्षांनी ती घरी वारली. ऑपरेशन करणाऱ्यांच्या फाइलवर शेवटचा शेरा राहतो, 'फॉलो-अपला आली नाही'. ती बरी झाली म्हणून आली नाही, पैसे संपले म्हणून आली नाही की गेली म्हणून आली नाही, फाइल सांगत नाही. बेळगाव-निपाणीचं आणखी निराळं. तिथला माणूस तपासणी हुबळीत करतो, उपचार मिरजेला नाहीतर कोल्हापूरला घेतो, दोन राज्यांच्या दोन योजनांत त्याची दोन नावं असतात, आणि त्यातलं एक हमखास चुकीचं लिहिलेलं असतं. नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या तर अशा माणसाची कहाणी पहिल्यांदा सलग वाचता येईल. हे फार मोठं आहे. मी ते कमी लेखणार नाही.

पण बंगळुरूत हे काम काही काल-परवा सुरू झालेलं नाही. विमानतळाच्या रस्त्याला पूजनहळ्ळी म्हणून गाव आहे. तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक संस्था आहे, राष्ट्रीय रोग माहितीशास्त्र आणि संशोधन केंद्र. देशातल्या कर्करोग नोंदणीचा सगळा हिशोब इथे जुळवला जातो. ही नोंदणी 1981 च्या डिसेंबरात ठरली आणि 1 जानेवारी 1982 पासून मुंबई, चेन्नई आणि बंगळुरू या तीन शहरांत लोकसंख्येवर आधारलेली नोंद सुरू झाली. बंगळुरूची किडवाई कर्करोग संस्थेत. मुंबईचा पाया त्याही आधीचा, 1963 चा. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. जस्सावाला यांनी तो घातला.

ही नोंदणी चालते कशी? आपल्याकडे कर्करोगाचा रुग्ण आढळला तर कळवलंच पाहिजे, असं बंधन देशभर कधी नव्हतं. कर्नाटकासारख्या काही राज्यांनी ते अलीकडे घातलं. म्हणजे माहिती आपणहून येत नाही, ती आणायला जावं लागतं. नोंदणीचा माणूस एमआरडीत, म्हणजे रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात बसतो, केस पेपर उलटतो. मग पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये जातो. मग महापालिकेच्या मृत्यू नोंदणीत जाऊन कारणं वाचतो. एकच लक्ष्मम्मा किडवाईत एका स्पेलिंगने, लॅबमध्ये दुसऱ्या आणि मृत्यूच्या दाखल्यात तिसऱ्या स्पेलिंगने सापडते. ती एकच आहे हे ठरवायला वय, नवऱ्याचं नाव, गल्ली, अवयव, तारीख, सगळं पडताळायचं.

आणि पत्ता! नोंदणीत शहराचा रहिवासी मोजायचा तर त्याचं किमान वर्षभराचं वास्तव्य असावं लागतं. आता रायचूरहून आलेला रुग्ण पत्ता कोणता देतो? विजयनगरमधल्या मेहुण्याचा. पत्र तिथे येणार, फोन तिथे येणार. हे शोधून काढलं नाही तर रायचूरचा आजार बंगळुरूच्या खात्यात जमा होतो. नोंदणीचा कर्मचारी हे विचारून काढतो. संगणकाला पत्ता भरलेला दिसतो आणि तो समाधान पावतो. सामायिक नोंदींच्या जाळ्यावर संशोधन करायला निघालेल्या तरुणांनी एक आठवडा अशा कर्मचाऱ्याच्या शेजारी बसावं, असं मी नेहमी सांगतो. ऐकतात थोडे.

तर, या नोंदणीचा एक अहवाल 2020 साली आला. 28 ठिकाणची आकडेवारी त्यात आहे. पुरुषांमध्ये कर्करोगाचं सर्वांत जास्त प्रमाण मिझोरामच्या ऐजॉल जिल्ह्यात: वयाचा फरक काढून टाकल्यावर दर लाखामागे वर्षाला 269.4. आणि सर्वांत कमी? उस्मानाबाद-बीड. 39.5. बायकांमध्येही सर्वांत कमी तिथेच, 49.4.

हा तक्ता पाहून मराठवाड्याचा माणूस खूश होईल का? ज्वारीची भाकरी, कष्टाचं अंग, प्रदूषण कमी, म्हणून कर्करोग कमी, असं सहज म्हणता येतं. त्यात तथ्य असेलही. खेड्यांत कर्करोगाचं प्रमाण शहरापेक्षा कमीच भरतं, हे इतर ठिकाणीही दिसलं आहे. पण दुसरंही एक उत्तर संभवतं. ज्याचं निदानच झालं नाही, त्याची नोंद कुठून होणार? दोन्ही कारणं एकाच आकड्यात मिसळलेली आहेत, आणि ती वेगळी काढायची असतील तर रुग्णालयाच्या आत बसून चालत नाही.

हे सगळ्यात आधी ओळखलं बार्शीत. 1987 साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या 346 गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभं करणारे डॉ. नेने ही त्यामागची मुख्य माणसं. मुंबईत नोंद करायची तर रुग्णालयं पालथी घालायची, हा धडा तयार होता. परंड्याच्या खेड्यात पालथं घालायला रुग्णालय कुठलं? अंगावरून जाणारं रक्त बायका सांगत नव्हत्या, गालातली जखम तंबाखूने होतेच म्हणून सोडून दिली जात होती, आणि माणूस 'पोटाच्या दुखण्याने' जायचा.

म्हणून त्यांनी पद्धतच उलटी केली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, गावातला वैदू, सगळ्यांना गाठायचं, पारावर नाहीतर शाळेत लोकांना बसवून चित्रं दाखवायची, कोणती लक्षणं अंगावर काढू नयेत हे सांगायचं. शंका आली त्या माणसाला समजावून बार्शीला तपासणीला न्यायचं. रोग निघाला तर उपचार, नाही निघाला तर सुटकेचा निःश्वास टाकून परत गावी. नोंद या सगळ्याच्या शेवटी व्हायची.

आमच्या शास्त्रात या पद्धतीवर आक्षेप घेता येतो आणि घेतला गेला पाहिजे. तुम्ही मोजता मोजता जे मोजायचं तेच बदलताय! जनजागृतीने निदान वाढणार, म्हणजे प्रमाण वाढलेलं दिसणार. बरोबर आहे. पण झालं काय ते बघा. एवढं करूनही एकूण प्रमाण मुंबईच्या सुमारे निम्म्यावरच राहिलं. म्हणजे खेड्यात कर्करोग खरोखरच कमी आहे, हे बऱ्याच विश्वासाने म्हणण्याइतका पुरावा पहिल्यांदा मिळाला. आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, म्हणजे बऱ्या होण्याजोग्या अवस्थेत. तपासणीची मोठी मोहीम नव्हती, नवीन यंत्रं नव्हती. बोलणं होतं, आणि बोलल्यावर न्यायला माणूस होता.

पुढचं काम याच नोंदणीच्या जोरावर झालं. 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 बायकांचा अभ्यास सुरू झाला. चार गट केले. एकात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षं पाठपुरावा करून 2009 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात 34, चौथ्या गटात 64. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते, त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक तुळजापूर-कळंबकडच्या या जिल्ह्यातून आलेला आहे. आठ वर्षांनी कोणाला कर्करोग झाला, कोण त्यानेच गेली, हे कळलं ते गावोगावची नोंदणी चालू होती म्हणून.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगतो, कारण आपल्याकडे यशाच्या गोष्टी फार गुळगुळीत करून सांगतात. चौथ्या गटातल्या बायकांना माहिती दिली, तपासणी कुठे होते हे सांगितलं, पण तपासणी केली नाही. त्यातल्या 64 जणी गेल्या. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत यावर कडक टीका झाली. 'नेहमीची व्यवस्था' म्हणजे जिथे व्यवस्थाच नाही, तिथे तिच्याशी तुलना करायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न होता. संशोधकांनी बाजू मांडली, वाद मिटला नाही. मला टीकाकारांचं म्हणणं जास्त पटतं. तरीही नोंदणीची बाजू मी सोडत नाही, कारण ते 64 मृत्यू लपून राहिले नाहीत ते नोंदणीमुळेच.

आता उलट टोकाला जाऊ. नोंदीमागे नुसता दंडुका असला की काय होतं, याचा धडा मराठी माणसाला 1897 च्या पुण्याने दिला आहे. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड, घरोघर शिरणारे गोरे सोजीर, माजघरात आणि देवघरात झडती, बायकांची तपासणी, आणि संशयित दिसला की रवानगी छावणीत. लोकांनी रोगी लपवले, प्रेतंही लपवली. 22 जून 1897 ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली तो इतिहास आपण राष्ट्रवादाचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. मी तो आकडेवारीचा म्हणूनही वाचतो. ज्या शहरात प्लेगचा रोगी कळवणं म्हणजे घरच्या माणसाला गमावणं, त्या शहराच्या प्लेगच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले गेल्या, त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. त्यांच्याकडे लोक आपल्या पायांनी येत होते.

पुढच्याच वर्षी, 1898 च्या ऑगस्टमध्ये प्लेग बंगळुरूत आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही आपली ऐसपैस उपनगरं त्या प्लेगची देणगी, आणि प्लेगच्या कामासाठी शहरात टेलिफोनच्या तारा टाकल्या गेल्याचंही सांगतात. म्हणजे आजाराची खबर वाहून नेणाऱ्या तारा या शहराला नव्या नाहीत.

खाजगीपणाकडे येतो. या बाबतीत बंगळुरूला मिरवण्यासारखं एक नाव आहे. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. वयाची ऐंशी उलटून गेल्यावर, 2012 साली, ते आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2024 साली इथेच ते वारले. त्या निकालातलं मुख्य मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं. त्यात आपल्या विषयावर नेमकं भाष्य आहे. रुग्णाने रुग्णालयाला विश्वासाने दिलेली माहिती परवानगीवाचून दुसऱ्याला देणं हा खाजगीपणाचा भंग, असं त्यांनी म्हटलं. पण मलेरिया किंवा डेंग्यूसारखी साथ समजून घ्यायला सरकारने रुग्णालयांच्या नोंदी अभ्यासल्या आणि माणसाचं नाव झाकलेलं ठेवलं, तर ते उचित ठरू शकतं, असंही म्हटलं. पुढे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधन आणि सांख्यिकीला अटींसह सूट दिली. मुख्य अट अशी की त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबाबत निर्णय घ्यायचा नाही.

सगळा भार येऊन पडतो तो 'नाव झाकलेलं' यावर. आणि नाव झाकणं वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने नव्वदच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयांतल्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी ग्वाही दिली की ओळख पटणार नाही. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले आणि खुद्द गव्हर्नरसाहेबांचीच फाइल शोधून काढली. आपल्याकडे तर मतदारयादी विकत घ्यायचीही गरज नाही. भूम तालुक्यातलं दीड हजार वस्तीचं गाव, बाई, वय 34, रक्ताचा कर्करोग: गावात कुणालाही विचारा. जात आणि आडनाव तर ओळखीचं अर्धं काम आधीच करून ठेवतात. लग्नाची मुलगी, तिची फिट्सची नाहीतर मनोविकाराची फाइल, आणि ती उघडी पडल्यावर घरावर येणारं संकट, हे मी या श्रोत्यांना समजावून सांगायला नको.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की नोंदींच्या प्रती काढून संशोधकांना वाटण्याचा मार्ग सोडूनच द्यावा. इंग्लंडने दोन्ही करून पाहिलं. 2013 साली 'केअर डॉट डेटा' नावाची योजना आली, फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करायची. लोकांना नीट सांगितलंच नाही, लाखोंनी नकार नोंदवला, 2016 मध्ये ती गुंडाळली. 2020 च्या कोविडात ऑक्सफर्डच्या बेन गोल्डेकर आणि सहकाऱ्यांनी 'ओपनसेफली' उभं केलं. त्यात फाइल जागची हलत नाही. संशोधक आपला प्रश्न प्रोग्रॅमच्या रूपात पाठवतो, तो तिथेच चालतो, बाहेर येतो फक्त तक्ता. आणि कुणी कधी कोणता प्रोग्रॅम चालवला हे जगाला वाचता येतं. 1 कोटी 70 लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींवरून त्यांनी काही महिन्यांत दाखवलं की दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना, म्हणजे तिथल्या आपल्या माणसांना, कोविडने मरण्याचा धोका जास्त आहे. आपल्या आभा जाळ्याची रचना याला सोयीची आहे, कारण आपल्याकडेही नोंद जागेवरच असते. राहिली ती उघडी यादी. कर्नाटकातल्या रुग्णांच्या नोंदींवर कोण काय शोधतंय, हे कन्नडमध्ये, आणि बेळगाव-बिदरकडे मराठीतही, तालुक्याच्या रुग्णालयाच्या फलकावर लागलं पाहिजे. यात तांत्रिक अडचण काही नाही. इच्छा लागते.

पण एवढं सगळं जमलं तरी मी सुरुवातीला म्हटलं ती गोष्ट उरतेच. नोंदी रुग्णालयात गेलेल्यांच्या. याच राज्यातलं उदाहरण घ्या. 2010 साली कर्नाटक सरकारने वाजपेयी आरोग्यश्री योजना सुरू केली, दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी मोठ्या आजारांवर मोफत उपचार, पहिल्यांदा कलबुर्गी आणि बेळगाव विभागांत. योजनेने जीव वाचले का? योजनेच्या ट्रस्टकडे प्रत्येक ऑपरेशनची नोंद होती. पण त्या नोंदींत फक्त लाभ घेतलेलेच होते, न पोचलेले कुठे होते? म्हणून संशोधकांनी योजना लागू असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांच्या सीमेवरची 572 गावं निवडली आणि दारोदार जाऊन विचारलं. 2014 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये उत्तर आलं: योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू पात्र गरीब कुटुंबांत 0.32 टक्के, योजना नसलेल्या गावांतल्या तशाच कुटुंबांत 0.90 टक्के. हे उत्तर कुठल्याही सर्व्हरवर पडून नव्हतं.

पुन्हा बीडकडे जाऊ, त्या कमी प्रमाणाच्या जिल्ह्याकडे. 2019 साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. यातल्या पुष्कळ शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत झालेल्या. कित्येक बायकांनी सांगितलं की डॉक्टरने कर्करोगाची भीती घातली. ज्या जिल्ह्यात कर्करोगाचं प्रमाण देशात सगळ्यात कमी नोंदलं गेलं, तिथे कर्करोगाच्या भीतीवर एवढा धंदा झाला! आणि सांख्यिकीचा माणूस म्हणून आणखी एक सांगतो. ज्यांचं गर्भाशयच काढलं त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका जवळपास उरत नाही, पण प्रमाण काढताना भागाकारात त्या मोजल्या जातात. म्हणजे तो कमी दर काही अंशी या शस्त्रक्रियांनीही खाली ओढला असणं शक्य आहे. किती, ते जाळं सांगणार नाही. बायकांना विचारलं तेव्हा शस्त्रक्रिया तरी कळल्या.

या बायका वर्षातले सहा महिने घरी नसतात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि आपल्या बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवरही येतात. उचल घेतलेली, मुकादमाला खाडा भरून द्यायचा, दवाखान्याचा दिवस म्हणजे मजुरी बुडाली. बीडमध्ये तिची फाइल असली तरी ती बागलकोटच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उघडत नाही, उघडायला लागणारा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो, आणि नवरा फडात असतो. सामायिक नोंदींची सगळ्यात जास्त गरज या बाईला आहे, आणि संशोधनाला सगळ्यात जास्त तिची.

या शहरात आरोग्याच्या माहितीवर काम करणाऱ्या कंपन्या, संस्था आणि विद्यापीठं कमी नाहीत. माझी त्यांना विनंती आहे की तुमच्या जाळ्याची परीक्षा व्हाइटफील्डच्या पंचतारांकित रुग्णालयात घेऊ नका, तिथे ते पास होणारच. कारखान्याच्या अड्ड्यावर, कोपीपाशी घ्या. सोबत बार्शीसारखी, बीडची बोली बोलणारी एक कार्यकर्ती न्या आणि तिचा पगार प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सर्व्हरच्या भाड्याच्या वरच्या ओळीत लिहा. तपासणीचं किट आणि पुढच्या उपचाराची सोय असल्याशिवाय एकही फॉर्म भरून घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत हंगाम भरात असतो. टोळ्या पहाटे फडात जातात, तेव्हा दुपारनंतर पोचलात तर बायका भेटतील.